परत सोडलेलं पाणी

आदिलाबादच्या थंडीत मिरचीचं बी रुजत नाही. डिसेंबरात पेरलं तर पंधरा-पंधरा दिवस मातीतच बसून राहतं, आणि उगवलंच तर एखाद्या पहाटेच्या गारठ्यात काळं पडतं. पण उनझरीच्या सोनाबाईच्या वाफ्यांत ते सहाव्या दिवशी वर यायचं. तामसीकडचे, जैनदकडचे, नदीपलीकडच्या महाराष्ट्रातले शेतकरी संक्रांतीच्या सुमारास तिच्याकडे रोपं न्यायला यायचे. मिरची, वांगी, टमाटे. ‘उनझरीचं रोप मरत नाही’ असं लोक म्हणायचे, आणि ते खरं होतं.

यात सोनाबाईचं कसब होतं, पण निम्मी करामत पाण्याची होती. गावाच्या वरच्या अंगाला, टेकाडाच्या पायथ्याशी ऊन पाण्याचं कुंड होतं. दगडी पायऱ्यांचं, मधे भिंत घालून बायांचं आणि माणसांचं वेगळं केलेलं. त्यातून ओसंडणारं पाणी एका चरानं खाली सोनाबाईच्या अर्ध्या एकरात यायचं. तिच्या सासूनं तिला शिकवलं होतं की हे पाणी रोपाच्या डोक्यावर घालायचं नाही. वाफ्यांच्या दोन्ही बाजूंनी बारीक सऱ्या काढायच्या, त्यातून ते हळूहळू फिरवायचं. माती कोमट राहते. मुळं खाली उतरली की सरीतली ओल त्यांना पुरते. सोनाबाई माहेराहून आली तेव्हा सतरा वर्षांची होती. आता पंचावन्न. एवढ्या वर्षांत एकही हिवाळा असा गेला नव्हता की तिच्या वाफ्यात हिरवं नाही.

नवरा धोंडीबा कुंडाची राखण करायचा. राखण म्हणजे काय, तर शेवाळ काढायचं, पायऱ्या घासायच्या, लांबून खरूज-नायट्याचे लोक यायचे त्यांना बसायची जागा दाखवायची. त्याचे गुडघे धरलेले होते. सकाळी तासभर पाय पाण्यात सोडून बसला की मग दिवसभर चालता यायचं. मुलगा चंदन भैंशाला कापसाच्या जिनिंगमध्ये होता, आठवड्याला घरी यायचा. सून प्रियदर्शनी मुधोळची, विजेच्या कामाचा डिप्लोमा झालेली. लग्नाला दोन वर्षं झाली तरी तिच्या शिक्षणाचं काही काम या गावात निघालं नव्हतं. ती सासूबरोबर वाफे निंदायची आणि गावातल्या बायांचे मोबाइल नीट करून द्यायची.

मग कंपनी आली.

हैदराबादची कंपनी होती, पैसा कुठल्याशा परदेशी संस्थेचा. जमिनीतल्या उष्णतेवर वीज करायची, लहानशीच, गावापुरती. गावात चोवीस खांबांवर दिवे लागणार, शाळेला आणि पाण्याच्या टाकीला वीज मिळणार, आणि उरलेल्या उष्णतेवर मिरची-हळद वाळवायची मोठी खोली चालणार. गावातल्या दहा जणांना काम. इंजिनियर हर्षदीप नावाचा, तिशीतला, पंजाबकडचा. हिंदीच बोलायचा. त्याला गावातल्या बायांशी बोलायला कुणीतरी हवं होतं आणि प्रियदर्शनीला हिंदी, तेलुगू दोन्ही येत होतं.

ग्रामसभा मारुतीच्या पारापुढं भरली. बायांनी एकच गोष्ट विचारली. गुलालवाल्याची चंदा उठून म्हणाली, “वीज घ्या, पण आमच्या कुंडाचं पाणी कमी होईल काय, ते सांगा आधी.”

हर्षदीप म्हणाला, “जितना पानी निकालेंगे, उतना ही वापस ज़मीन में डालेंगे. एक बोर से ऊपर, दूसरे बोर से नीचे. पानी कहीं जाता नहीं.”

प्रियदर्शनीनं ते मराठीत सांगितलं. “जेवढं काढतील तेवढं परत सोडतील. फक्त त्यातली गरमी घेतील.” तिनं हाताची ओंजळ करून वर-खाली दाखवलं. बायांना ते समजलं. इंजिनियरवर त्यांचा विश्वास बसला असता की नाही कोण जाणे, पण सोनाबाईची सून सांगत होती.

“तुले पटते काय?” सोनाबाईनं तिला हळूच विचारलं.

“हाव आत्या. मी पुस्तकात वाचलेलं हाय. व्हते असं.”

संमतीच्या कागदावर पहिली सही सोनाबाईनं केली. तिच्या मागून सगळ्याजणींनी.

पुढचं वर्षभर गावात धूळ आणि धडधड होती. खोदायचं यंत्र आलं, एक बोर हजार फुटांच्या खाली गेला आणि त्यातून वाफेचा लोट निघाला तेव्हा लहानमोठे सगळे बघायला धावले. दुसरा बोर परत सोडायच्या पाण्याचा. तो तीनशे फुटांवर दगड लागला म्हणून तिथंच थांबवला. हर्षदीपला ते आवडलं नव्हतं, हे प्रियदर्शनीनं पाहिलं. तो फोनवर बराच वेळ कुणाशी तरी वाद घालत होता. पण मंजूर रक्कम संपली होती आणि यंत्र दुसऱ्या गावी जायचं होतं.

दसऱ्याला दिवे लागले. प्रियदर्शनीला ऑपरेटरचं काम मिळालं. पत्र्याच्या खोलीत बसून दर दोन तासांनी पाच आकडे रजिस्टरात लिहायचे. वेळ, तापमान, दाब, वर आलेलं पाणी, परत सोडलेलं पाणी. खाली सही. सोनाबाई मावला गावच्या बाजारात भाजी विकायला बसायची तेव्हा गिऱ्हाइकाला सांगायची, “माही सून मशीन चालवते. कळ दाबली का गावात उजेड.” वाळवणाच्या खोलीत चंदा आणि आणखी पाच बाया लागल्या. अवकाळी पाऊस आला तरी मिरची काळी पडेना. पहिलं वर्ष असं गेलं की लोक कंपनीच्या माणसांना सणाला जेवायला बोलवायचे.

कुंडाचं पाणी उतरतंय हे पहिल्यांदा धोंडीबाला कळलं. नवव्या पायरीवर बसला की त्याचे गुडघे बुडायचे. आता घोटेच बुडत होते. तो आणखी एक पायरी खाली बसला. पंधरा दिवसांनी आणखी एक. पाणी कोमटही राहिलं नव्हतं, नुसतं गार नाही एवढंच. मग ओसंडणं थांबलं आणि सोनाबाईचा चर कोरडा पडला. ती चराच्या काठावर बसून राहिली. दिवाळी पंधरा दिवसांवर होती, बी पेरायची वेळ.

“असं कधी झालं नाई,” ती सुनेला म्हणाली. “बहात्तरच्या दुष्काळातबी नाई, असं माही सासू सांगे.”

प्रियदर्शनीनं रजिस्टर चाळून पाहिलं. ज्या महिन्यात बोरचा पंप पूर्ण जोरात चालला त्या महिन्यात कुंड उतरलं होतं. तीनशे फुटांवर सोडलेलं पाणी खाली हजार फुटांवर पोचत नव्हतं. खालून उपसा चालू होता आणि भर पडत नव्हती. तिनं हर्षदीपला सांगितलं. त्यानं मान हलवली. त्याला ते ठाऊक होतं.

आणि त्याच आठवड्यात दुसरा बोर चोंदला. ऊन पाण्याबरोबर आलेला पांढरा चुना पाइपात दगडासारखा धरला आणि पाणी खाली जाईनासं झालं. वापरलेलं पाणी कुठंतरी सोडणं भाग होतं, नाहीतर मशीन बंद.

“आठ-दस दिन की बात है, भाभी,” हर्षदीप म्हणाला. “सफाई वाले आएँगे. तब तक नाले में छोड़ दो.”

“अन् रजिस्टर में?”

हर्षदीपनं टेबलावरचं रजिस्टर मिटलं. “रजिस्टर में जैसा लिखते हैं वैसा ही लिखो. ऊपर से रोज़ फ़ोन आता है. एक दिन का भी ज़ीरो दिखा तो प्रोजेक्ट बंद कर देंगे.”

प्रियदर्शनी पाइपाकडे बघत होती. पाणी ऊन होतं, वाफाळत होतं. नाल्याच्या अलीकडे दोनशे पावलांवर सासूचा कोरडा चर. तिच्या मनात जे आलं ते चांगलंच होतं. तिनं लाइनमनकडून पाइपाचे चार तुकडे जोडून घेतले आणि पाणी नाल्याऐवजी चरात सोडलं.

सोनाबाई धावत आली. चरातून पाणी येताना बघून तिनं पदर डोळ्यांना लावला. “अवं पोरी,” एवढंच म्हणाली. त्या संध्याकाळी तिनं पुरणपोळी केली.

प्रियदर्शनीनं त्या दिवशी रजिस्टरात लिहिलं, परत सोडलेलं पाणी, नेहमीचा आकडा. खाली सही केली. आठ-दहा दिवसांचे दोन महिने झाले. सफाईवाले आले नाहीत. ती रोज लिहीत राहिली.

डिसेंबरात खोलीतल्या कपाटात तिला पाण्याचा खारटपणा मोजायचं छोटं मीटर सापडलं. तिनं कुंडाच्या तळाशी उरलेल्या पाण्यात ते बुडवलं, मग पाइपाच्या पाण्यात. पाचपट फरक. कुंडाचं पाणी खालच्या दाबानं वर येता येता वरच्या थरातल्या गोड्या पाण्यात मिसळलेलं. बोरचं पाणी फार खालचं, दगडांतले क्षार घेऊन आलेलं. तिनं मीटर पुसून परत कपाटात ठेवलं. घरी गेली तेव्हा सासू वाफ्यापाशी बसून हसत होती. रोपं दोन पानांवर आली होती, रांगेत, हिरवीगार. एवढं हिरवं दिसतंय तर चालेल, असं प्रियदर्शनीनं स्वतःला सांगितलं.

संक्रांतीच्या आधी शेतकरी आले आणि रोपं घेऊन गेले. बुंध्याजवळच्या पानांच्या कडा पिवळ्या होत्या. सोनाबाईला वाटलं, थंडीचा चटका असेल.

माघात अमृतराव आले. नदीपलीकडचे, साठीचे, तीस वर्षांचं गिऱ्हाईक. दरसाल दोन हजार रोपं न्यायचे. ते अंगणात आले, खांद्यावरचा टॉवेल काढून जमिनीवर पसरला. त्यात वांग्याची वीस-पंचवीस रोपं होती. पानं कडेनं जळून आत वळलेली. मुळं तपकिरी, आखूड, दोऱ्यासारखी तुटणारी.

“सारं वावर असंच झालं, सोनाबाई,” ते म्हणाले. “मी भांडाले नाई आलो. दाखवाले आलो. तुमच्या हातचं रोप असं कधी नव्हतं.”

सोनाबाईनं एक रोप उचललं, मूळ अंगठ्यानं चोळलं. “मर लागली असंन भाऊ. मी दुसरी देतो तुमाले. पैसे नका देऊ.”

“दुसरी कुठून देसान?” त्यांनी वाफ्यांकडे बोट दाखवलं. वाफ्यांत राहिलेली रोपंही कडेनं जळत होती आणि सरीच्या काठावर मिठासारखी पांढरी रेघ उठली होती. चहा घेऊन ते गेले. पुन्हा आले नाहीत. त्यांच्या मागून आणखी सहा-सात जण येऊन गेले. सगळेच अमृतरावांसारखे शांत नव्हते.

सोनाबाईनं बाजारातून औषध आणलं. पाठीवर पंप बांधून दोन दिवस फवारलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा पंप बांधून फवारत होती तेव्हा प्रियदर्शनी बांधावर येऊन उभी राहिली.

“आत्या, फवारू नका. रोग नाई हा.”

“मंग काय हाय?”

“पाणी हाय.”

प्रियदर्शनीनं सगळं सांगितलं. दुसरा बोर, चुना, मीटर, पाचपट. रजिस्टरही सांगितलं. सांगताना तिचा आवाज सरळ होता, जणू आकडे वाचतेय.

“तुले कवापासून मालूम?”

“संक्रांतीच्या आधीपासून.”

“रोपं लोकांनी नेली त्याच्या आधीपासून?”

“हाव.”

“मंग सांगतलं काऊन नाई?”

“तुमी किती खूश होत्या. अन् मले वाटलं, चालून जाईल. बंद केलं असतं त सोडलं कुठं असतं? मशीन बंद पडली असती. चंदाचं काम, साऱ्यांचं काम...” ती थांबली. “माहंबी.”

सोनाबाईनं पाठीवरचा पंप उतरवला. राहिलेलं औषध बांधावर ओतलं. चराकडे गेली आणि फावड्यानं दहा-बारा ढेकळं टाकून पाण्याचं तोंड बुजवलं. पाणी थोडा वेळ तुंबलं, मग बाजूनं नाल्याकडे वळलं. ती सुनेवर ओरडली नाही. दुपारी रोजच्यासारखं ताट वाढलं. पण त्या दिवसापासून ती सुनेशी कामापुरतं बोलायची, आणि प्रियदर्शनीला ओरडा परवडला असता.

शेतकी खात्याचा माणूस एकदा येऊन माती घेऊन गेला. कागद आला, त्यात लिहिलं होतं की मातीत मीठ आणि बोरॉन वाढलंय, भाजीपाल्याला योग्य नाही. किती वर्षं नाही, ते लिहिलं नव्हतं.

“आपण दरखास्त देऊ,” प्रियदर्शनी म्हणाली. “मी लिहितो. मी संगं येतो. जे खरं हाय ते सांगतो.”

दोघी आरटीसीच्या, म्हणजे तिकडच्या एसटीच्या, बसनं आदिलाबादला गेल्या. जिल्ह्याच्या कचेरीत दोन तास बाकावर बसल्यावर आत बोलावलं. साहेब माणूस वाईट नव्हता. त्यानं सोनाबाईला खुर्ची दिली, तेलुगूतला अर्ज वाचला, प्रियदर्शनीला चार प्रश्न विचारले आणि मग कपाटातून कंपनीच्या महिन्याच्या अहवालांची फाइल काढली. तिच्यात रजिस्टरच्या नकला होत्या.

“ही सही कुणाची?” त्यानं तोडक्या मराठीत विचारलं.

“माझी,” प्रियदर्शनी म्हणाली.

“नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. रोज पाणी परत सोडलं, असं लिहिलंय.”

“खोटं लिहिलंय. मला तसं लिहायला सांगितलं होतं.”

“लिहून दिलं होतं कुणी, असं लिही म्हणून?”

“नाही. तोंडी.”

साहेबानं चष्मा काढला. “बघा अम्मा,” तो सोनाबाईला म्हणाला, “मी हा अर्ज दाखल करून घेतला तर पाहणी लागेल. कंपनी हे रजिस्टर दाखवेल. खोटी नोंद कुणी केली? हिनं. पाइप कुणी फिरवला? हिनं. पहिला गुन्हा हिच्यावर बसेल. कंपनीवर नंतर बसला तर बसेल. मी खरं सांगतोय. ठेवू, की परत नेता?”

“ठेवा,” प्रियदर्शनी म्हणाली.

सोनाबाईनं हात पुढं केला. टेबलावरचा कागद उचलला, घडी घातली आणि पिशवीत टाकला.

बसमध्ये प्रियदर्शनी रडली. “काऊन घेतला परत? होऊ द्याचं होतं मले जे व्हाचं ते.”

“अन् त्यानं पाणी येईन काय कुंडात?” सोनाबाई खिडकीबाहेर बघत म्हणाली. “माती गोड होईन? तू तुरुंगात जाशीन अन् मी चंदनले काय सांगू?”

तिच्या बोलण्यात माया होती का नुसता थकवा, ते प्रियदर्शनीला कळलं नाही. विचारायची तिची हिंमत झाली नाही.

दोघी कचेरीत जाऊन आल्याची बातमी त्यांच्या आधी गावात पोचली. दुसऱ्या दिवशी चंदा अंगणात आली. मागं वाळवणाच्या खोलीतल्या बाया.

“मावशी, तुमची रोपं गेली त्याचं आमालेबी वाईट वाटते,” चंदा म्हणाली. “पण आमचं काम कायले बंद पाडता? माह्या घरात दुसरं कमावणारं कोण हाय?”

“मी अर्ज परत आणला,” सोनाबाई म्हणाली.

“पण गेल्त्या तर खऱ्या.” चंदानं प्रियदर्शनीकडे पाहिलं. “अन् तू? पारापुढं तूच सांगतलं, जेवढं काढतील तेवढं परत सोडतील. आमी कुंड घालवून बसलो तुह्या भरवशावर. आता पगारबी घालवतेस?”

चंदाच्या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. त्या दिवसापासून वाळवणाच्या बायांनी सोनाबाईच्या घरी येणं सोडलं. पूर्वी रोज कुंडावर भेट व्हायची, बाळंतिणीला सव्वा महिना तिथंच अंघोळ, सासवा-सुनांचं बोलणं-भांडण सगळं तिथंच. आता कुंडच नव्हतं, तेव्हा समेट होणार तरी कुठं.

आणि काम तरी कुठं राहिलं. ज्येष्ठात मुख्य बोरच्या पाइपातही चुना धरला, दाब निम्म्यावर आला, दिवे मिणमिणायला लागले. कंपनीच्या लेखी हा दोन वर्षांचा प्रयोग होता, मुदत संपत आली होती. हैदराबादहून दोन माणसं आली, फोटो काढले, आणि प्रयोग पूर्ण झाल्याचा कागद पंचायतीला देऊन गेली. आठवड्यानं क्रेन आली. मशीन, पंप, मीटर, कपाट सगळं ट्रकवर चढलं. बोरच्या तोंडावर लोखंडी झाकण ठोकलं. दिव्यांचे खांब आणि वाळवणाची रिकामी खोली राहिली. चंदा आणि बाकीच्या बाया त्या दिवशी खोलीच्या दारात बसून होत्या.

जाताना हर्षदीप प्रियदर्शनीला भेटायला आला. दारातच उभा राहिला. “मैंने भी दो बार लिखा था, भाभी,” तो म्हणाला. “दूसरा बोर गहरा करने के लिए. मंज़ूर नहीं हुआ.”

“आपने लिखा था, तो काग़ज़ होगा ना?” तिनं विचारलं. “वो दे दो.”

त्यानं मोटरसायकलची किल्ली खिशातून काढली. “नौकरी का सवाल है,” म्हणाला, आणि ट्रकच्या मागं मोटरसायकल लावून निघून गेला.

उपसा थांबला म्हणजे कुंड भरेल, अशी धोंडीबाला आशा होती. पावसाळ्यात ते भरलंही, पण पावसाच्या पाण्यानं. गार, हिरवं, डासांचं पाणी. तो तरी रोज झाडू घेऊन जायचा. श्रावणात गुडघे इतके धरले की पायऱ्या उतरताना तो पडला, आणि मग खाटेवरच राहिला. तशात गावच्या पिण्याच्या बोरचं पाणी मचूळ लागायला लागलं. चरात आणि नाल्यात सात-आठ महिने सोडलेलं पाणी झिरपून तिथवर पोचलं असेल, असं प्रियदर्शनी म्हणाली. पण म्हणणारी ती होती म्हणून कुणी ऐकून घेतलं नाही. पंचायतीनं तिथं पाटी लावली की पाणी पिऊ नये. बाया दीड कोस चालून नदीवरून पाणी आणायला लागल्या.

तरी त्या हिवाळ्यात सोनाबाईनं पुन्हा वाफे केले. खारी माती वीतभर खरवडून काढली, नदीकाठची माती घमेल्यानं आणली. तीन आठवडे सासू-सून दोघी माती वाहत होत्या. एकमेकींशी थोडंफार बोलायलाही लागल्या होत्या. रुजताना माती गरम राहावी म्हणून खाली कच्चं शेणखत घातलं, वर कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्यांवर गवताचं छप्पर केलं. बी बाराव्या दिवशी वर आलं. सोनाबाई दिवसातून चारदा छप्पर उचलून बघायची. पौषात तीन दिवस पारा पाचाच्या खाली गेला. चौथ्या दिवशी सकाळी छप्पर उचललं तर रोपं शिजवलेल्या भाजीसारखी आडवी पडली होती. वाफेच्या वाफे.

“पुन्हा पेरू,” प्रियदर्शनी म्हणाली.

“नाई,” सोनाबाई म्हणाली. “झालं आता.”

दुसऱ्या दिवसापासून ती लोकांच्या वावरात कापूस वेचायला जाऊ लागली. शेवटची वेचणी होती, किलोमागं मजुरी. अठ्ठावन्नाव्या वर्षी हात पोरींएवढे चालत नव्हते.

फेब्रुवारीत प्रियदर्शनीला फोन आला. तीच कंपनी. उनझरीचा प्रयोग यशस्वी झाला होता, असं पलीकडचा माणूस म्हणाला, आणि आता गोदावरीच्या बाजूला एका गोंड वस्तीजवळ दुसरा लागणार होता. तिथंही ऊन पाण्याचं डबकं होतं. अनुभवी ऑपरेटर हवी होती. तिथल्या बायांशी बोलणारीही हवी होती. पगार दीडपट.

तिनं तीन दिवस कुणाला सांगितलं नाही. चौथ्या दिवशी चंदन भैंशाहून आला. जिनिंगचा हंगाम संपत आला होता आणि मालकानं पुढल्या वर्षीची खात्री दिली नव्हती. वडलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन आदिलाबादच्या डॉक्टरनं सांगितलं होतं. तेव्हा तिनं सगळ्यांपुढं सांगितलं. चंदन म्हणाला, जायला पाहिजे. धोंडीबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. सोनाबाई पदराला चिकटलेला कापूस एकेक करून काढत होती.

“तुही मर्जी काय हाय?” तिनं विचारलं.

“मर्जी नाई,” प्रियदर्शनी म्हणाली. “पण जातो.”

सोमवारी सोनाबाई तिला बसपर्यंत सोडायला गेली. ज्वारीच्या भाकरी, ठेचा, पाण्याची बाटली असं पिशवीत दिलं. थांब्यावर दुसरं कुणी नव्हतं. बस लांबून दिसायला लागली तेव्हा सोनाबाई म्हणाली, “तिथं तरी खरं लिहिजो.”

“खरं लिहिलं त ठेवणार नाईत आत्या,” प्रियदर्शनी म्हणाली. “दुसरीले ठेवतीन.”

बस थांबली, प्रियदर्शनी वाकून पाया पडली आणि चढली. तिला खिडकीजवळ जागा मिळाली नाही, त्यामुळे ती नंतर दिसली नाही. नऊ वाजत आले होते. वावराचा मालक उशिरा आलेल्यांना परत पाठवायचा. सोनाबाईनं डोक्याला फडकं बांधलं आणि पाय उचलले.